पानं मोजणारी काठी

माझ्या उमेदीची तीन वर्षं मी वांग्याची पानं मोजण्यात घालवली आणि त्यातलं एकही पान हाताने मोजलं नाही. हे मी तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगायचे. लग्नकार्यात एखाद्या काकूने विचारलं, "काय करतेस सध्या?" की मी प्रकाश, संवेदक, निर्देशांक असे चारदोन शब्द फेकून तिला गप्प करायचे. आमच्या घराण्यात पूर्वी पूजा सांगणारे आणि पुढे कचेरीत कारकुनी करणारे लोक होऊन गेले. शेतात पाय ठेवणारी मी पहिलीच, आणि तोही बूट घालून. आईला वाटायचं, मुलगी शास्त्रज्ञ झाली. वडिलांना वाटायचं, मुलीला तात्पुरती नोकरी लागली. वडिलांचं बरोबर होतं.

दुष्काळात भाजीपाला कसा तगतो हे मोजणाऱ्या एका प्रकल्पात मी होते. काम असं होतं. आमच्याकडे एक चपटी, लांब काठी होती. तिच्यावर ओळीने प्रकाश मोजणारे बारीक डोळे बसवलेले. ही काठी झाडांच्या खाली, जमिनीलगत आडवी सरकवायची. तसाच आणखी एक डोळा, डबीएवढा, उघड्यावर आभाळाकडे तोंड करून ठेवायचा. उघड्यावरच्या डबीला किती ऊन मिळालं आणि झाडाखालच्या काठीपर्यंत किती पोचलं, यातला फरक म्हणजे मधल्या पानांनी अडवलेलं ऊन. जितकं ऊन अडलं तितकी पानं दाट. त्यावरून यंत्र एक आकडा काढून द्यायचं, की एवढ्या जमिनीवर तिच्या कितीपट पानं आहेत. दोन आला की बरं, तीन आला की उत्तम, एकच्या खाली गेला की पिकाने मान टाकली. पान तोडायला नको, झाडाला दुखवायला नको. अजूनही मला ही युक्ती सुंदर वाटते. यंत्राशी माझं कधीच भांडण नव्हतं.

शहरापासून जालना रोडने निघालं की शेंद्र्याचे कारखाने संपता संपता करमाड लागतं. त्या भागात आमचे सहा प्लॉट होते, सहा शेतकऱ्यांच्या रानात. कुणाकडे टोमॅटो, कुणाकडे मिरची, कुणाकडे भेंडी. पावसाने पाठ फिरवल्याचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. विहिरी दसऱ्यालाच कोरड्या पडल्या होत्या. शहरात आमच्या कॉलनीत नळ आठव्या दिवशी यायचा आणि तो आला की शेजारणी एकमेकींना ओवाळायचंच बाकी ठेवायच्या. प्रकल्पाला मात्र आठवड्याला दोन टँकर मंजूर होते. दोन टँकर आणि सहा प्लॉट म्हटल्यावर भांडणं ठरलेलीच. प्रत्येक शेतकरी शपथेवर सांगायचा की त्याचंच पीक सगळ्यात आधी मरणार आहे.

आमचे प्रकल्पप्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो, भांडणाला फार घाबरायचे. आवाज चढला की त्यांना पित्त व्हायचं. त्यांनी एक दिवस मीटिंग घेतली आणि जाहीर केलं की शेतकरी काय वाटेल ते बोलेल, पीक खोटं बोलत नाही, म्हणून यापुढे पाणी पिकाला विचारून द्यायचं. ज्याच्या पानांचा आकडा कमी त्याला आधी टँकर. आकडा दोनच्या वर असेल तर त्या आठवड्यात पाणी नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर जरा जास्तच वाजवल्या, कारण आकडा मी काढणार होते.

पंधरा दिवसांत एका गड्याने आमची जीप दिसली की टोमॅटोची पानं खुडायला सुरुवात केली. हिरवीगार पानं ओरबाडून बांधापलीकडे टाकायचा आणि तोंड पाडून उभा राहायचा. आकडा पडायचा, टँकर यायचा. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पानं नाहीत तर नाहीत. कशामुळे नाहीत हा आपल्या अभ्यासाचा विषय नाही."

वांग्यांचा प्लॉट मावशींचा. मावशी म्हणजे पन्नाशीच्या, काटक, कपाळावर आठी आणि कमरेला विळा कायम. नवरा कारखान्याच्या गेटवर वॉचमन, पाळी कधीही, त्यामुळे रान एकट्या मावशींचं. त्या मला 'बाई' म्हणायच्या, म्हणजे शाळेतल्या बाई. वयाने मी त्यांच्या मुलीएवढी, पण माझ्या हातात काठी होती.

त्यांच्या वांग्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काटेरी देठाचं, लहानसं, हिरवट अंगावर पांढऱ्या रेघा असलेलं ते वांगं बाजारात कुठे मिळायचं नाही. लग्न होऊन येताना त्यांनी ते बी अजिंठ्याकडच्या माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. तेव्हापासून दरवर्षी पीक, दरवर्षी बी. चांगल्या झाडांची दहाबारा फळं खायला तोडायची नाहीत, देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवायची, म्हणजे कुणी चुकून हात लावत नाही. ती पिवळी धमक होईपर्यंत झाडावर राहायची आणि मग त्यातलं बी पुढच्या वर्षाला. माहेरी आता भाऊ कापूस लावतो, तिथे हे वांगं कधीच संपलं. आदल्या वर्षीच्या दुष्काळात मावशींचंही पीक गेलं होतं. उरलं होतं ते एका डब्यातलं मूठभर जुनं बी.

जूनमध्ये वाफा करताना तो डबा घेऊन त्या माझ्याकडे आल्या होत्या.

"बाई, निम्मं ठिवू का मागं? पावसाचं काय खरं नाय."

"मागे कशाला ठेवता? जुनं बी आहे, पुढच्या वर्षी उगवणारही नाही. सगळं टाका. यंदा प्रकल्पाचं पाणी आहे ना," मी म्हणाले.

"पाणी पक्कं ना?"

"एकदम पक्कं."

त्यांनी डबा उपडा करून तळाला बोटाने टकटक केलं आणि शेवटचा दाणासुद्धा वाफ्यात पाडला. माझ्या शब्दावर कुणी एवढा भरवसा टाकल्याचा तो पहिलाच प्रसंग होता, त्यामुळे मी खूश होते.

रोपं छान झाली. नोव्हेंबरपर्यंत आकडा दोनच्या आसपास घुटमळत होता. कधी एक पूर्णांक नऊ, म्हणजे आमच्या भाषेत एकोणीस दशांश, कधी एकवीस. म्हणजे एका आठवड्याला पाणी मिळायचं, एका आठवड्याला नाही. झाडं तगून होती. फुलं आली, फळं धरली, मावशींनी रस्त्यापासून लांबच्या ओळींतली अकरा फळं निवडली आणि चिंध्या बांधल्या. दोन महिने झाडं जगली की बी हातात येणार होतं. मी मोजायचे ती ओळ मात्र रस्त्याच्या कडेची, पहिली. शास्त्रीय कारण नव्हतं. तिथपर्यंत जीप यायची आणि सरांच्या पाहुण्यांना बूट चिखलात घालावे लागायचे नाहीत. चिखल व्हायला पाणी लागतं हे नियोजनाच्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नसावं.

डिसेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या रानात, रस्त्याच्या कडेला, लोखंडी खांब उभे राहिले. आठवडाभरात त्यावर तीन मजली घराएवढं होर्डिंग चढलं. शेंद्र्याच्या अलीकडे, पलीकडे आणि मध्ये तेव्हा सगळीकडे प्लॉटिंग चाललं होतं. काल जिथे ज्वारी होती तिथे आज चुन्याच्या रेघा आणि कमान. या होर्डिंगवर एक गोरं कुटुंब निळ्या पाण्याच्या तलावाकाठी उभं होतं, मागे दाट झाडी, वर लिहिलेलं होतं की इथे राहायला या, निसर्गाच्या कुशीत. सगळ्या तालुक्यात एवढं पाणी फक्त त्या चित्रात होतं.

मला ते होर्डिंग फार आवडलं. आम्ही बरोबर बारा वाजता मोजायचो, तसा नियम होता. हिवाळा असला तरी आमच्याकडचं बाराचं ऊन डोक्यात जातं. होर्डिंग रस्त्याच्या बाजूला म्हणजे दक्षिणेला, आणि हिवाळ्यात सूर्यही दक्षिणेला झुकलेला, त्यामुळे भर दुपारी त्याची लांबलचक सावली नेमकी आमच्या पहिल्या ओळीवर पडायची. मी त्या सावलीत बसून निवांत काठी सरकवायचे, आकडा लिहायचे, डबा खायचे. उघड्यावरची डबी मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर बसवलेली होती, कुणी चोरू नये म्हणून. ती होती तशी लख्ख उन्हात.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले.

सावली रोज थोडी जास्त ओळीवर चढत होती, तसा आकडा पंचवीस दशांशावर गेला, मग अठ्ठावीस, मग एकतीस. सर दर सोमवारी तक्ता बघून हरखून जायचे. बाकीचे पाचही प्लॉट उतरणीला लागलेले आणि हे एकटं वांगं भर दुष्काळात वाढतंय. "देशी वाण. मी म्हणत होतो ना, देशी वाणात दम असतो," ते म्हणाले. ते असं कधीही म्हणाले नव्हते. त्यांनी आलेख रंगीत छापून घेतला आणि वर पाठवून दिला. मावशींचा टँकर अर्थातच बंद झाला. एवढ्या जोमदार पिकाला पाणी कशाला?

आमचा जीपचा ड्रायव्हर शहागंजातला, अबोल माणूस. एकदा परतताना आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, पौदे सुकरे और आपके आकडे मोटे होरे. ये कैसा हिसाब है?" मी त्याला प्रकाशशास्त्र समजावलं. शेंद्रा मागे पडेपर्यंत समजावलं. तो "जी, जी" म्हणत राहिला.

आणि मावशी? त्या दर वेळी मला ओळीतून चालवत न्यायच्या. पानांच्या कडा करपलेल्या. दुपारी माना टाकलेली झाडं संध्याकाळीही उठत नव्हती. खालची पानं पिवळी पडून देठासकट गळत होती.

"बाई, पानं गळायलीत. अन तुमची काठी म्हणती वाढलीत."

"मावशी, डोळ्याला फसगत होते. यंत्राला होत नाही."

"मपल्या डोळ्याची फसगत? तीस वर्सं वांगी लावायले मी."

"तुमचा अनुभव आहेच हो. पण ते मोजमाप नाही ना."

हे वाक्य मी बोललेले आहे. आता ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण तेव्हा मला ते फार समंजस वाटलं होतं. मी त्यांचा अपमानही केला नव्हता, अनुभवाचा मान राखला होता.

डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी मी पोचले तर मावशी बांधावर वाटच बघत होत्या. मी काठी जुळवली तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. आजवर त्यांनी यंत्राला हात लावला नव्हता. त्या चालत पहिल्या ओळीच्या कडेला, जिथे जीप वळवून वळवून जमीन टणक झाली होती, तिथे गेल्या. होर्डिंगची सावली तिथेही होती. गवताची काडी नव्हती. त्यांनी काठी त्या उघड्या मातीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "दाबा बटन."

मी दाबलं. आकडा आला चोवीस दशांश.

"किती?"

मी सांगितलं.

"इथं कोणतं पीक हाय, बाई?"

त्यांनी काठी उचलून आभाळाकडे, म्हणजे होर्डिंगवरच्या तलावाकडे दाखवली. "ह्या बोरडाची सावली मोजायल्या तुमी. तीन आठवडे झाले. त्या टमाट्यावाल्यावानी मी समदी पानं खुडली असती तरी मला पाणी भेटलं नसतं."

लाज तर वाटलीच, पण खरं सांगायचं तर पहिली भीती वाटली ती नोकरीची. रंगीत आलेख वर गेला होता.

"मंग आता असं करा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "ती पत्र्यावरची डबी खाली आणा अन इथं सावलीतच ठिवा. दोन्हीला सारखीच सावली. बरोबर यील का नाय?"

बरोबर आलं असतं. एम.एस्सी.ला दोन वर्षं घालवून मला जे सुचलं नव्हतं ते त्यांना बांधावर उभं राहून सुचलं होतं. मी म्हणाले, "येईल. पण डबीची जागा नियमात ठरवलेली आहे. ती मला हलवता येत नाही. परवानगी लागते."

"कोणाची?"

"सरांची."

"मंग इचारा."

"विचारते," मी म्हणाले, आणि त्या दिवशी मला जे करायचं होतं ते मी केलं नाही. तक्त्यात मी एकतीसच लिहिलं. मनात आलं होतं, दीड लिहावं. कुणाला कळलं नसतं, दोन दिवसांत टँकर आला असता. पण मनाने आकडा लिहिणं म्हणजे खोटेपणा, आणि आमच्या घरात खोटं लिहिणारं कुणी नव्हतं. यंत्राने दिलेला आकडा खोटा आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी तो यंत्राने दिलेला होता, म्हणून तो लिहून मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. होर्डिंग, सावली, उघडी माती. ते पेन्सिलीला टोक काढत ऐकत होते.

"म्हणजे उपकरणात दोष आहे," शेवटी ते म्हणाले.

"नाही सर, उपकरण चांगलं आहे. आपण ते चुकीच्या जागी..."

"उपकरण चांगलं असेल तर आकडा बरोबर आहे. आकडा चुकीचा असेल तर उपकरणात दोष आहे. दोन्ही कसं चालेल? लेखी द्या."

मी लेखी दिलं. दोन पानांची, मुद्देसूद टिपणी. आकृतीसुद्धा काढली, सूर्य, होर्डिंग, वांगं. ती कार्यालयाच्या तीन टेबलांवरून फिरून आली तेव्हा वर शेरा होता की उपकरण तपासणीसाठी पुण्याला पाठवावे. डबी हलवण्याची परवानगी मागितली होती तिच्याबद्दल काहीच नव्हतं, कारण सदोष उपकरणाची डबी हलवून काय उपयोग? काठी आणि डबी दोन्ही थर्माकोलमध्ये गुंडाळून पुण्याला गेल्या.

आता मोजणार कशाने? मी विचारलं. सर म्हणाले, नवा आकडा येईपर्यंत शेवटचा आकडा कायम धरायचा, असा नियमच आहे. बाकीच्या प्लॉटचे शेवटचे आकडे कमी होते, त्यांना पाणी चालू राहिलं. मावशींचा शेवटचा आकडा एकतीस. खरं बोलायला गेले आणि तो आकडा मी स्वतःच्या हाताने दगडावर कोरून आले.

"सर, निदान एक टँकर. ती अकरा फळं पिकली की मग काही नको. त्यांच्याकडे दुसरं बी नाहीये. मी शब्द दिलाय."

"तुम्ही शब्द द्यायला नको होता," सर म्हणाले, आणि हेही बरोबर होतं. त्या कार्यालयात सगळे नेहमी बरोबर असायचे.

जानेवारीभर माझं काम नसल्यासारखंच होतं, तरी मी जीप घेऊन जात राहिले. मावशी गावाच्या टँकरवर नंबर लावून मिळालेल्या चार हंड्यांतला एक हंडा रानात आणायच्या आणि तांब्याने चिंधीवाल्या झाडांच्या बुडात ओतायच्या. बाकीची वांगी त्यांनी सोडून दिली होती. मी घरून दोनदा कॅन भरून नेले. तिसऱ्या वेळी मात्र आमचा नळ दहाव्या दिवशीही आला नाही आणि मी कॅन रिकामाच ठेवला. एवढीच माझी धडपड. ती मी मोठी करून सांगणार नाही. फळं पिवळी व्हायच्या ऐवजी तपकिरी पडत गेली, अंग आक्रसलं, देठापाशी सुरकुत्या आल्या. महिन्याच्या शेवटी मावशींनी हंडा आणणं थांबवलं.

फेब्रुवारीत उपकरण परत आलं. सोबत प्रमाणपत्र होतं, उपकरण पूर्णपणे निर्दोष. सर ते हातात घेऊन माझ्याकडे असे बघत होते की जणू मी एका सज्जन माणसावर आळ घेतला होता. आणि त्याच आठवड्यात वरून पत्र आलं. आलेख बघून तिथले लोक प्रभावित झाले होते. भर दुष्काळात पानांची अशी वाढ दाखवणाऱ्या त्या देशी वाणाचं बी त्यांना हवं होतं, पुढच्या चाचण्यांसाठी. सरांनी मला बोलावलं. "चमचाभर पुरे," ते म्हणाले. "पाकिटावर वाणाचं नाव, गावाचं नाव नीट लिहा."

मी गेले तेव्हा मावशींनी रानातली वांगी उपटून काटक्यांचा ढीग बांधाला लावला होता. त्या अंगणात बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच पत्रातली मागणी सांगितली. मला वाटलं त्या मला हाकलून देतील. त्यांनी हाकललं असतं तर बरं झालं असतं.

त्या आत जाऊन टोपलीत ती अकरा फळं घेऊन आल्या. अजून बी काढलं नव्हतं. माठातलं पिण्याचं पाणी परातीत ओतलं. एकेक फळ चिरून, पिळून, चुरून त्या पाण्यात कालवलं. भरलेलं बी जड असतं, ते तळाला बसतं. पोकळ बी वर तरंगतं, ते टाकून द्यायचं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्यांना हाताने माहीत होतं. आम्ही दोघी परातीकडे बघत बसलो. पाणी निवळलं. सगळं बी वर होतं. मावशींनी बोट घालून ढवळलं, थांबल्या, परत ढवळलं. ओंजळीत पाणी घेऊन परातीचा तळ चाचपून पाहिला.

"पोकळ हाय," त्या म्हणाल्या. "समदं."

मग मी बोलत सुटले. मी सरांना सांगितलं होतं, दोन पानं लिहून दिली होती, आकृती काढली होती, ते यंत्र पुण्याला गेलं, नियम असा होता, शेवटचा आकडा तसाच धरला गेला, माझ्या हातात काही नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "ते समदं खरं असल, बाई. पर तुमी आठवड्यातून तीनदा यायच्या. झाडं सुकायलेली तुमाला दिसत नव्हती का?"

"दिसत होती."

"मंग तेवढं लिवायचं की."

आमच्या तक्त्यात आकड्यांच्या रकान्यांनंतर, अगदी शेवटी, एक रुंद रकाना असायचा. त्यावर छापलेलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणीवरून शेरा'. तिथे काहीही लिहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. डिसेंबरभर, प्रत्येक खेपेला, वांग्याच्या करपलेल्या ओळीत उकिडवी बसून, मी त्या रकान्यात माझ्या सुरेख अक्षरात 'निरंक' लिहिलं होतं. हे मी मावशींना सांगितलं नाही.